वर्षावासातला गावाकडचा आठवडा

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने शहाड सोडले, म्हारळ, वरप, कांबा मागे पडले आणि रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल आला, की आमच्या घरातली मंडळी खिडकीकडे सरकून बसतात. पावसाळ्यात या पुलाचा भरवसा नसतो. नदी फुगून पाणी पुलावर आले की मुरबाडकडची वाहतूक थांबते. १० जुलै २०२२ रोजी, रविवारी, आम्ही एस.टी.ने हा पूल ओलांडला तेव्हा पाणी पुलाखालीच होते, पण गढूळ आणि चढते होते. आम्ही उभयता, मुलगी आणि धाकटा मुलगा असे चौघे गावी निघालो होतो. एक आठवडा राहायचे, घर आवरायचे आणि येताना आईला कायमचे कल्याणला आणायचे, असे ठरवले होते. आठवडाभर राहिलो. आईला मात्र आणले नाही. त्या आठवड्याविषयी हे चार शब्द लिहीत आहोत.

गावाकडच्या आठवणी लिहायच्या म्हटले की आपल्या समाजातल्या माणसाचा हात थोडा अडखळतो. इतरांच्या पुस्तकांतले गाव म्हणजे पिंपळपार, नदीचा घाट, देवळातला काकडा. आमच्या आजोबांच्या वाट्याला त्यातला पार आला नाही, घाट आला नाही आणि देऊळ तर नाहीच नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याविषयी जे परखड मत मांडले, ते त्यांनी पुस्तकातून उचललेले नव्हते. खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, हे त्यांनी पाहिले व भोगले होते. त्यांचा सल्ला मानून आपली माणसे गाव सोडून शहरात आली. आमचे वडीलही आले. रेल्वेच्या कामावर लागले, कोळसेवाडीत एका खोलीत सहाजण मिळून राहिले आणि तिथूनच आम्हाला शिकवले. म्हणून गावाचे गोडवे गाण्यासाठी हा लेख नाही. गावाचे नावही आम्ही मुद्दाम लिहीत नाही. मुरबाड तालुक्यात, टोकावडे ओलांडून नाणेघाटाच्या पायथ्याकडे गेले की लागणाऱ्या गावांपैकी ते एक आहे, एवढे पुरे.

या रस्त्याची थोरवी मात्र मुलांना सांगावी अशी आहे, आणि आम्ही ती गाडीत सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जुन्नरहून नाणेघाट उतरून व्यापाऱ्यांचे तांडे याच भागातून कल्याणच्या बंदराकडे जात. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा यांची मोठी यादी आहे. पण त्याच वाटेच्या वरच्या टोकाला, जुन्नरच्या डोंगरांत, बौद्ध लेण्यांची दाटी आहे. इकडे खाली कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत राजे नाहीत, कष्टकरी आणि व्यापारी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले. कल्याणच्या एका लोहारानेही दान दिल्याची नोंद आहे. मुलगी म्हणाली, "म्हणजे कल्याणची माणसं तेव्हा बौद्धांना पाणी देत होती?" आम्ही म्हटले, "देत होती. नंतर ते पाणी कुणी बंद केलं, ते आजीला विचार."

घर आम्ही पोहोचलो तेव्हा भिजून काळे पडले होते. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर आणि मागे चुलीची खोली, असे साधे कौलारू घर. पूर्वी ते कुडाचे आणि पेंढ्याने शाकारलेले होते. वडिलांनी मनिऑर्डरीच्या पैशांतून एकेक करून विटांच्या भिंती उभ्या केल्या. ओटीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पेटीवर पांढरे कापड आणि त्यावर ग्रंथ. उजव्या कोपऱ्यात कौल सरकले होते, तिथे आईने पातेले ठेवले होते. थेंब पडत होता. आईचे वय तेव्हा ब्याऐंशीच्या आसपास. ती दारातच उभी होती. "जयभीम" झाल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "पातेल्याला पाय लावू नका."

आमच्या आईसारख्या बायका आपल्या समाजात घरोघरी होत्या. नवरा कल्याण-मुंबईला आणि बायको गावी. नवऱ्याने पगार पाठवायचा, बायकोने सासू-सासरे, पोरे आणि गुंठ्या-दोन गुंठ्यांची शेती सांभाळायची. वडील महिन्या-दोन महिन्यांनी येत. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना दादरच्या चौपाटीवर अखेरचा निरोप दिला गेला, तेव्हा भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारोंनी तिथेच धम्मदीक्षा घेतली. वडील त्या गर्दीत होते. गावी परतल्यावर त्यांनी घरातले देव्हाऱ्याचे टाक काढून ठेवले. आई दोन वर्षांनी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा भिंतीवर देव नव्हते आणि ग्रंथही अजून आला नव्हता. नुसती रिकामी भिंत होती, असे ती सांगते. सांगायची, असे आता म्हणायला हवे.

तर तो आठवडा. सोमवारी-मंगळवारी पावसाने उसंत दिली नाही. खाचरे भरली होती आणि गावात लावणीची घाई होती. आमच्या चुलतभावाची चिखलणी झालेली. राबावर वाढवलेले आवण उपटून त्याच्या मुठी बांधायच्या, चिखलात ओणवे होऊन ओळीने रोवायच्या. मुलगी हौसेने उतरली आणि अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसली. पूर्वी डोक्यावर इरले असे, आता प्लास्टिकचे कापड असते. काम मात्र तेच, ओणवे होऊन करायचे. आज यांच्या खाचरात, उद्या त्यांच्या, अशी आळीपाळीने माणसे एकमेकांकडे जात होती. बौद्धवाडीतली होती, तशी कुणबी शेजाऱ्यांकडचीही होती. दुपारी बांधावर चहा आला. सर्वांनी एकाच किटलीतला घेतला. आई घरी म्हणाली, "तुझ्या बाच्या हयातीत हा चहा नव्हता. आता हाय. पण कुणी काय मन बदललं म्हणून नाय, माणसं मिळत नाय म्हणून." आईला गोड बोलून कुणाला मोठे करायची सवय नव्हती.

जेवणाखाण्याचे काय सांगावे! कल्याणात जुडीला पैसे मोजावे लागतात त्या रानभाज्या इथे परसात. टाकळा, कुरडू, भारंगी, एखादा दिवस कंटोळी. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मुलाने चुलतभावाबरोबर जाऊन रात्री बत्तीच्या उजेडात ओढ्याच्या कडेने चिंबोऱ्या पकडल्या आणि स्वतःचे बोटही पकडवून घेतले. आई हसून हसून चुलीपुढून उठेना.

बुधवारी, १३ जुलैला, आषाढ पौर्णिमा होती. संध्याकाळी वाडीतल्या विहारात सर्वजण जमलो. विहार म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक खोली. पाऊस जोरात आला की वाचणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, मग सगळे थांबतात. पांढऱ्या लुगड्यांत सात-आठ म्हाताऱ्या उपासिका पुढे बसल्या होत्या. त्रिशरण-पंचशील झाले. याच पौर्णिमेला बुद्धांनी सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश केला आणि याच सुमारास वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले तर कोवळी पिके आणि जीवजंतू तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. म्हणून बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. हे आम्ही कल्याणच्या विहारात अनेकदा ऐकले होते. दिवसभर लावणी करून आलेल्या माणसांमध्ये बसून ऐकले, तेव्हा त्याचा अर्थ वेगळाच लागला. पायाखाली जाऊ नये ते पीक त्या दिवशी आम्ही आमच्या हातांनी लावून आलो होतो.

त्या रात्रीपासून घरी ग्रंथवाचन सुरू झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मराठीत आल्यावर तो घरोघर पोहोचला. रोज जेवणानंतर ओटीवर आम्ही आळीपाळीने वाचायचो. आईला वाचता येत नव्हते. पण इतक्या वर्षावासांत ऐकून तिला पुष्कळसे पाठ होते. मुलाने एक ओळ गाळली तेव्हा तिने डोळे न उघडता सांगितले, "मधलं राहिलं."

शुक्रवारी रात्री रोहिणी नदीच्या पाण्याचे प्रकरण आले. शाक्य आणि कोलीय यांच्यात नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. सेनापतीने युद्ध पुकारायचे ठरवले. तरुण सिद्धार्थाने संघात उभे राहून विरोध केला. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. त्याने युद्धात भाग घेण्याचे नाकारले आणि परिव्राजक होऊन घर सोडले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो रात्री गुपचूप निघून गेला, ही जुनी कथा बाबासाहेबांनी मानली नाही. त्यांचा सिद्धार्थ सभेत बोलून, शिक्षा पत्करून, उजेडात घराबाहेर पडतो. वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भांडण करायला तरी पाणी दोघांचं होतं. आपल्याला तर विहिरीच्या कठड्याशी उभं करत नव्हते. वरून कुणी ओतेल तवा घागर भरायची." मुलीने आजीकडे पाहिले. गाडीतल्या तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.

शनिवारी दुपारी एक गृहस्थ मोटारीतून आले. बोलायला फार गोड. माळशेज आणि नाणेघाटाच्या पावसासाठी शहरातले लोक हल्ली या भागात जागा शोधतात, शनिवार-रविवारची घरे बांधतात. गृहस्थांना आमचे वीस गुंठे हवे होते. म्हणाले, "म्हातारी माणसं एकटी राहतात, तुम्ही कल्याणला. घर पडतंय. आत्ताच भाव आहे." खरे सांगायचे तर आमच्या मनातही तेच होते. कल्याणच्या घराचे हप्ते होते, मुलीचे शिक्षण होते. आम्ही त्यांना चहा दिला आणि विचार करतो म्हटले. ते जाताना एक छापील कागद काढून म्हणाले, "नुसती सही करून ठेवा, बाकी आम्ही पाहतो." आईने तो कागद आमच्या हातातून घेतला, घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिला. एक शब्द बोलली नाही.

ते गेल्यावर तिने पेटीच्या तळाची पिशवी काढली. जुने सातबारे, पावत्या, शेतसाऱ्याचे कागद. सातबाऱ्यावर 'नवीन व अविभाज्य शर्त' असे लिहिलेले. आम्ही पदवीधर, पण त्या शब्दांचा अर्थ आम्हाला नीट ठाऊक नव्हता. आईला होता. ही जमीन महार वतनाची. वतन म्हणजे नाव मोठे, पण त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. वर्दी द्यायची, सरकारी टपाल व ओझी पुढच्या गावाला पोचवायची, मर्तिकाचे निरोप न्यायचे, मेलेली ढोरे ओढायची. एकाच्या नावावर वतन असले तरी सारे घर जुंपलेले. हे वतन म्हणजे गुलामगिरी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविषयी विधेयक आणले. पुढची तीस वर्षे लढा चालला. शेवटी कनिष्ठ गाववतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वतन गेले. ठरलेली रक्कम भरल्यावर जमीन धारकाला परत मिळाली, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, या शर्तीवर. आपल्या अडाणी माणसाला कुणी दारू पाजून, कर्ज देऊन जमीन लुबाडू नये, हा त्या शर्तीचा उपयोग. आजही अशा जमिनी कोऱ्या कागदांवर आणि मुखत्यारपत्रांवर जातात. वाचकांनी आपला सातबारा एकदा काढून पाहावा, आणि सही करण्याआधी जाणकाराला दाखवावा.

मग आई बोलली. आम्ही तिचा मुलगा-सून म्हणून इतकी वर्षे काढली, पण हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. "मी नवी नवरी. माझा सासरा जेवायला बसलेला. बाहेरून हाक आली. नाव घेऊन नाय, जातीनं. सासरा ताटावरून उठला, हात न धुता गेला. पाऊस असाच होता. दुसऱ्या दिवशी सांजच्याला आला तर अंगात ताप. ते ताट मी दोन येळा झाकलं. त्या साली पावसाळाभर मी रात्री झोपले नाय. हाक येईल म्हणून. पुढं कायदा झाला. तुझा बा कल्याणहून सांगत आला की आता हाक आली तर उठायचं नाय. तरी हाक आलीच. सासरा बसल्या जागेवरून बोलला, 'येत नाय.' एवढंच. भाकरी पुरी खाल्ली. त्या दिवसापासून या घरात सुख आहे."

बाहेर पाऊस होता आणि आत पातेल्यात थेंब पडत होता. आठवडाभर आम्ही एकमेकांना म्हणत होतो की इथे किती शांत आहे! गाडीचा भोंगा नाही, लोकलची धावपळ नाही, शेजारचा टीव्ही नाही. ही शांतता डोंगराची आणि पावसाची आहे, अशी आमची समजूत. डोंगर आणि पाऊस तर आजोबांच्या वेळीही होते. शांतता नव्हती. ती एका विधेयकातून, तीस वर्षांच्या लढ्यातून आणि ताटावर बसून राहिलेल्या एका माणसाच्या दोन शब्दांतून आली. आम्ही ती फुकट उपभोगत होतो, आणि हप्त्यांसाठी विकायलाही निघालो होतो.

तरी रात्री आम्ही विषय काढलाच. वय झाले, कौले गळतात, रात्री-अपरात्री काही झाले तर मुरबाड गाठायला किती वेळ, पूल बंद असला तर कल्याण त्याहून लांब. हे सारे खरे होते आणि आजही खरे आहे. आईने ऐकून घेतले. मग आदल्या रात्रीच्या वाचनाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यानं घर सोडलं ते लढाई नको म्हणून. तुझ्या बानं गाव सोडलं ते हाक नको म्हणून. मी कशासाठी सोडू? गळतंय म्हणून? गळतंय तर कौल बदला." यावर मुलगा इतका मोठ्याने हसला की आम्हालाही हसू आवरेना.

रविवारी सकाळी पावसाने तासभर डोळे उघडले. चुलतभाऊ आणि मुलगा छपरावर चढले, नऊ कौले बदलली. आईने पातेले घासून पालथे घातले. दुपारच्या एस.टी.ने आम्ही निघालो. आई दारात उभी होती. ग्रंथ जिथे थांबला होता तिथे तिने मोराचे पीस घालून ठेवले आणि सांगितले, "पुढचं पुढल्या आषाढात. मधलं राहू देऊ नका." रायत्याच्या पुलावर आलो तेव्हा पाणी आदल्या रविवारपेक्षा वर होते. कुणी काही बोलले नाही.

२०२३ च्या आषाढात आम्ही पुन्हा गेलो आणि मोराच्या पिसापासून पुढे वाचले. जानेवारी २०२४ मध्ये आई गेली, त्याच घरात, रात्री झोपेत. पुण्यानुमोदनाला बांधावर चहा घेणारे शेजारीही आले होते. ते पाहून आई काय म्हणाली असती, हे आम्हाला ठाऊक आहे. जमीन आम्ही विकलेली नाही. घराचे पुढचे काय, हे मुलांना ठरवायचे आहे. मुलगी आता नोकरी करते. कागदांची पिशवी तिने आपल्याकडे घेतली आहे आणि 'नवीन शर्त' म्हणजे काय, हे ती आता आम्हाला समजावते.

गावाकडे परत चला, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते गाव सोडण्यासारखेच होते, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे. पण त्या गावात आपल्या माणसांनी मान वर करून उभे केलेले एक घर असते. ते गावाचे नसते, आपले असते. वर्षातला एक आठवडा तिथे जावे, दिवा लावावा, ग्रंथ उघडावा, कौले पाहून घ्यावीत आणि घरात कुणी म्हातारे माणूस उरले असेल तर ते बोलेपर्यंत बसावे. आमची आई सातव्या दिवशी बोलली. आम्ही सहाव्या दिवशी निघालो असतो, तर हे आम्हाला कधीच कळले नसते.

जयभीम! नमो बुद्धाय!